बंधाऱ्यावरचे बूट

वैजे,

काल तुझ्या तेराव्याला दारात बसलेला प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होता. पोरगी गुणाची, पोरगी मनमिळाऊ, पोरीनं कधी कुणाला दुखवलं नाही. मी खांबाला टेकून ऐकत होते. मला ओरडून सांगायचं होतं की, अहो पावणं, या गुणाच्या पोरीनं मला फसवलंय आणि मी त्याचं उट्टं काढायच्या आत निघून गेलीय. ओरडले नाही. ओरडले असते तर काकीनं, तुझ्या आईनं, मलाच पोटाशी धरलं असतं आणि माझा राग तिथंच वाहून गेला असता. तो मला इतक्यात घालवायचा नाही.

तुला ताप कधी भरला, कुठल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं मुरगुडात आता सगळ्यांना पाठ आहे. ते मी लिहिणार नाही. माझं भांडण तुझ्या मरणाच्या वेळेशी आहे. दिवाळीनंतर नदीच्या बंधाऱ्याला बरगे घातले की पहिल्या रविवारी आपली सायकलची शर्यत ठरली होती. फक्त दोघींची, बूट बदलून. तू माझे पांढरे, रोडचे घालणार होतीस आणि मी तुझे काळे, माउंटनचे. सहा वर्षं तुझ्या मागं लागून मी तुला हो म्हणायला लावलं होतं. तू हो म्हणालीस आणि अठरा दिवसांत मेलीस. लोक याला देवाची मर्जी म्हणतात. मी याला पळून जाणं म्हणते.

सातवीत असताना तू मला सायकल शिकवलीस. तुझ्या वडिलांची डेअरीला दूध न्यायची उंच दांडीची सायकल होती, तिच्यात मधून पाय घालून हाफ पायडल. पहिल्यांदा तुझ्या घरी आले तेव्हा काकीनं मला गोठ्याच्या खिडकीतल्या कान तुटलेल्या कपातून चहा दिला. आम्ही बौद्ध, त्यामुळं त्या कपाचा अर्थ मला लगेच कळला. तुलाही कळला. तू तो कप माझ्या हातातून काढून घेतलास, तोंडाला लावलास आणि तुझा कप मला दिलास. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याभरात काकीनं तो कप खिडकीतून कायमचा हलवला. तुझ्यावरचा राग टिकवायला मला इतके कष्ट पडतात ते त्या कपामुळं. दुसरी कुणी असती तर मी तिचं तोंड बघणं सोडलं असतं आणि मोकळी झाले असते.

कॉलेजात गेलो आणि सायकलिंग शिकवणाऱ्या कोल्हापूरच्या सरांनी आपल्याला शर्यतीच्या सायकली दिल्या. तेव्हा पायडलला पट्टे असायचे. पट्टा आवळला की पाय पायडलला बांधला जायचा आणि समोर म्हैस आडवी आली की आपण दोघी बांधलेल्या पायांसकट रस्त्यावर आडव्या. गारगोटी रस्त्याच्या कडेला अशी एक जागा नसेल जिथं आपण पडलो नाही. तू पडलीस की मी हसायचे, मी पडले की तू हसायचीस, आणि मग उठून पहिल्यांदा सायकल बघायची, नंतर गुडघा.

मग एक दिवस सर पुण्याहून बुटांचे दोन जोड घेऊन आले, पायडलांसकट. तिथल्या दोन मुलींनी शर्यती सोडल्या होत्या, त्यांचे. बुटाच्या तळाशी क्लीट असतो, तो पायडलमध्ये खटकन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो, हे आपण तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एक जोड रोडचा होता. पांढरा, हलका, तळवा फळीसारखा कडक, आणि तळव्याच्या बाहेर आलेला पिवळ्या प्लॅस्टिकचा मोठा क्लीट. दुसरा माउंटनचा. काळा, जड, रबरी खुरांचा तळवा, आणि त्या खुरांच्या मधे आत दडवलेला लोखंडाचा बारका क्लीट. रोडचे घातले की मांडीतला सगळा जोर थेट चाकाला जातो, पण खाली उतरल्यावर माणूस बदकासारखा चालतो. माउंटनचे जरा जड, जोर जरा कमी पोचतो, पण ते घालून आठवड्याचा बाजार करून यावा. याचा क्लीट त्याच्या पायडलला लागत नाही, म्हणजे एकदा ठरवलं की ठरलं. दोन्ही जोडांचं माप एकच आणि आपल्या चारी पायांचंही तेच. सर म्हणाले, "कुणी कुठलं घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं डोकं खाऊ नका."

आपण एकमेकींचं डोकं खाल्लं, पुरते तीन आठवडे. मला काळे हवे होते. कारण साधं होतं, मला पडायची भीती वाटायची आणि काळे बूट जमिनीवर उभे राहणारे वाटायचे. मुदाळतिट्ट्याला चहाला थांबलो होतो तेव्हाचं तुझं बोलणं मला अक्षरशः पाठ आहे. आपल्याकडच्या पोरी बोलतात तसं तू 'मी जातो, मी घालतो' बोलायचीस, आणि कुणाला पटवायचं असलं की जरा जास्तच.

"तुला काळं कशाला गं? तुझ्या मांडीत जोर हाय. सपाटीला तू हाणतीस तसं मी जन्मात हाणणार न्हाय. तुला रोडचंच पायजे."

"आणि उतरायला लागलं तर?"

"शर्यतीत कोण उतरतंय? दळण आणायला निघालीस व्हय?"

"मग तू काय घालणार?"

"मी घालतो की काळं. मला काय, कसलं पण चालतंय."

कसलं पण चालतंय! मला वाटलं, तू माझ्यासाठी हलका, चांगला जोड सोडलास. माझे डोळे भरून आले, वैजे. मी टेबलावरचा तुझा हात धरला आणि तुला थँक्यू म्हटलं. आपण एकमेकींना कधी थँक्यू म्हणत नव्हतो. तू हात सोडवून घेतलास आणि चहावाल्याला म्हणालीस, "मामा, हिला अजून एक च्या द्या, हिला येड लागलंय." पुढं तुला मिळालेली नोकरी राहू दे, सर्टिफिकेट राहू दे. ते थँक्यू मला परत पाहिजे.

त्या वर्षीच्या जत्रेच्या शर्यतीत जी पोरगी पहिली येईल तिलाच राज्य स्पर्धेला पाठवायचं, असं सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. राज्याला नंबर आला की खेळाडूंच्या जागेतून सरकारी नोकरी. आपल्या दोघींपैकी एकीचंच नशीब उघडणार, हे आपल्याला ठाऊक होतं आणि तरी आपण रोज सकाळी एकत्र निघत होतो. मी तर म्हणायचे, तुझा नंबर लागला काय आणि माझा लागला काय. मला तसं खरंच वाटायचं. निदान शर्यतीच्या सकाळपर्यंत.

दरवर्षी शर्यत पुलावरून जायची. त्या वर्षी पुलाकडच्या रस्त्याचं काम निघालं आणि जत्रा कमिटीनं वाट बंधाऱ्यावरून काढली. आपला बंधारा परगावच्या माणसाला सांगावा लागतो. नदीत दगडी खांब, पाऊस सरला की खांबांच्या मधे बरगे म्हणजे फळ्या घालून पाणी अडवायचं, आणि वरून या काठाहून त्या काठाला जायला एक अरुंद स्लॅब. कठडा नाही. त्यावरून शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाईप गेलेले, ते गळतात, म्हणून स्लॅबवर कायम शेवाळ. तिथं सायकल चालवणारा थेट नदीत जातो. तेव्हा सगळ्यांनी उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि चालत पलीकडं जायचं, असा नियम केला. मला हे कळलं भोंग्यावरून, शर्यत सुटायच्या पाच मिनिटं आधी. तुला तीन आठवडे आधीच, मुदाळतिट्ट्याच्या त्या चहाच्याही आधी, ठाऊक होतं. कमिटीत तुझा चुलता होता आणि ती बैठक तुमच्याच सोप्यात झाली होती. हेही मला त्याच चुलत्यानं तिथंच, मोठ्या कौतुकानं सांगितलं. "आमच्या वैजीनं च्या दिला की सगळ्यास्नी!"

मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली वाकून बुटाचा पट्टा आवळत होतीस. तो आधीच आवळलेला होता.

मग मी अशी सायकल मारली, अशी मारली की विचारू नकोस. त्या पांढऱ्या बुटांबद्दल तू एक गोष्ट खरी बोलली होतीस, सपाटीला ते उडतात. मागं वळून बघितलं तर तू दिसतही नव्हतीस. बंधाऱ्याशी पोचले, खटकन पाय सोडवले, सायकल खांद्यावर घेतली आणि पहिलं पाऊल टाकलं. प्लॅस्टिक आणि शेवाळ. दुसरं पाऊल टाकलंच नाही. मी कमरेवर पडले, सायकल माझ्यावर पडली, डावा गुडघा पाईपच्या जोडावर आपटला. उठले, पुन्हा पडले. काठावर सगळं गाव उभं. कुणीतरी शिट्टी मारली. मी लहान पोरासारखी बसून बसून पुढं सरकायला लागले. तेवढ्यात मागून तुझ्या काळ्या बुटांचा आवाज आला, दबकन दबकन, जसं कुणी अंगणातून चालत यावं. तू माझ्या अंगावरून पाय टाकून पुढं गेलीस आणि जाताना माझं नाव घेऊन ओरडलीस, "बूट काढ, सुने! बूट काढ!"

एवढंच करायचं होतं. दोन पट्टे ओढायचे, बूट दातात धरायचे आणि अनवाणी पळायचं. त्या स्लॅबवरून मी लहानपणापासून अनवाणी गेलेली. पंधरा सेकंदांचं काम होतं. पण ते तू सांगितलंस ना. तू सांगितलंस म्हणून मी काढले नाहीत. दात खाऊन, बसत, सरकत, रडत पलीकडं गेले, तोवर डावा क्लीट अर्धा तुटला होता आणि पुढचे नऊ किलोमीटर डावा पाय पायडलवर टिकेना. तरीसुद्धा मी तुला जवळजवळ गाठलं होतं. चाळीस हात राहिले. लोकांनी तुझ्यावर गुलाल उधळला, त्यातला थोडा वाऱ्यानं माझ्या तोंडावर आला.

संध्याकाळी तू आमच्या घरी आलीस. मी दार उघडलं नाही, बाबांनी उघडलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेले, त्यांना भांडण कळत नाही, फक्त काय मोडलंय ते कळतं. त्यांनी तुला आत घेतलं. तू तेलात हळद कालवून माझ्या गुडघ्याला लावलीस आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जाताना तू म्हणालीस, "म्या सांगितलं हुतं की, बूट काढ म्हणून."

तेवढ्यावर आपण सहा वर्षं भांडलो. तू राज्याला गेलीस, तिसरी आलीस, सर्टिफिकेट मिळालं, कोल्हापुरात सरकारी कचेरीत लागलीस. मी गारगोटीच्या शाळेत कवायत शिकवते, दरवर्षी जूनमध्ये मला पुन्हा घेतील की नाही याची वाट बघत. आणि तरी दर रविवारी सकाळी सहाला तू माझ्या दाराशी घंटी वाजवायचीस. मी निघायचे. का निघायचे, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित तुला हरवायला निघायचे. पण तेव्हाही तू काळेच बूट घालायचीस आणि मी जुने पट्टेवाले पायडल लावून घेतले होते. पांढरे बूट माळ्यावर होते.

एकदाच तू कबूल केलंस. "ठाऊक हुतं मला. व्हय. मग? तुमच्या घरात बैठक झाली असती तर तू मला सांगितलं असतंस?"

आमच्या घरात जत्रेची बैठक कधी होणार नव्हती, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून मी चिडून सायकल पुढं काढली आणि उत्तर द्यायचं टाळलं. ते आज देते. नसतं सांगितलं, वैजे. मीही नसतं सांगितलं. पण म्हणून माझा राग कमी होतो असं समजू नकोस. मी जे फक्त मनात केलं असतं ते तू प्रत्यक्षात केलंस. आणि मी केलं असतं तर निदान तुझं थँक्यू घेतलं नसतं.

शेवटच्या रविवारी, त्याच मुदाळतिट्ट्याला, तू अखेर कंटाळून म्हणालीस, "बरं बया, घे तुझी शर्यत. बरगं घातलं की त्या रविवारी. तू काळं घाल, मी पांढरं घालतो. पर हरलीस तर पुन्ना तोंडातनं बंधारा काढायचा न्हाय."

"आणि जिंकले तर?"

तू चहा संपवलास, कप पालथा घातलास. "जिंकलीस तर मला तुला कायतरी बोलायचं हाय. तवा बोलतो."

काय बोलणार होतीस? मी तुला ओळखते, हरल्याशिवाय तुझ्या तोंडातून माफीचा म उमटला नसता. म्हणून तर मला जिंकायचं होतं. त्या आठवड्यात मी माळ्यावरून पांढरे बूट काढले, पुसले. तुटका डावा क्लीट मुद्दाम बदलला नाही. मला जे घालून जावं लागलं तेच तू घालायचंस. शाळेच्या मैदानावर पोरं गेल्यावर मी सायकल खांद्यावर घेऊन पळायचा सराव करत होते. बाकीच्या बाई हसायच्या. तुला ताप आल्याचं कळलं तेव्हा मी तिसऱ्या दिवशी बघायला आले. तू झोपली होतीस. मी तुझ्या पायाशी उभी राहिले आणि मनात म्हटलं, नाटकं करू नकोस, ऊठ.

तुला मी शेवटचं जे म्हटलं ते हे. तेही मनात. त्यावर मला बोलायचं नाही.

आता कालचं ऐक. परवा काकीचा निरोप आला. तेराव्याला मेलेल्या माणसाच्या नावानं छत्री, काठी, तांब्या आणि पायताण द्यायचं असतं तुमच्यात. दिलेलं सगळं त्याला वाटेत पोचतं म्हणतात. काकीनं सांगितलं होतं, "तिच्या पायाचं माप कुणालाच ठाऊक न्हाय. तुझ्या पायाचं घिऊन ये, सुने." आमच्यात यातलं काही नसतं आणि माझा त्यावर विश्वासही नाही. पण पायताण म्हटल्यावर मला माळ्यावरून काढलेले पांढरे बूटच आठवले. मी रात्रभर विचार केला असं सांगणार नाही. एक मिनिटही केला नाही. पिशवी घेतली आणि पांढरे बूट तिच्यात घातले.

भटजींनी बूट हातात घेतला, उलटा केला, पिवळ्या प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं. "अहो बाई, हे काय आणलंत? हे घालून माणूस चालणार कसं?"

"घसरत," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझा चुलता तर तोंड उघडं ठेवून बघत होता. काकी खाली बसली होती, ती हळूच पुढं सरकली, डावा बूट तिनं मांडीवर घेतला आणि क्लीट जिथं तुटलाय तिथं बघत राहिली. मग तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

"ह्येच का ते?"

"व्हय, काकी."

मला वाटलं आता ती मला हाकलणार. तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि बूट भटजींच्या पुढ्यात ठेवला. "द्या ह्येच. पोरीनं हिला लई तरास दिलाय. तिचं तिला पोचू दे."

भटजींनी ते छत्री आणि काठीच्या शेजारी मांडले, पाणी सोडलं, तुझं नाव घेतलं. लोक उठल्यावर काकीनं आतून तुझे काळे बूट आणून माझ्या पिशवीत घातले. म्हणाली, हितं कुणाच्या पायाला हुणार न्हाईत. मग मला चहा दिला आणि मी पिऊन संपवीपर्यंत समोर बसून राहिली.

तर झालं, वैजे. माझं उट्टं निघालं. भटजी सांगत होते, तुझी वाट लांबची आहे, मधे नदी लागते, ती ओलांडावी लागते. माझा विश्वास नाही, पण काल दुपारी तासभर ठेवला, आणि आज सकाळीही तो उतरलेला नाही. नदी आली की तुला उतरावं लागेल. स्लॅबवर शेवाळ असेल. डावा पाय आधी घसरेल. तुझ्या मागून ओरडून सांगणारं तिथं कुणी नाही, त्यामुळं बसून राहा. सरकत पुढं जायचा प्रयत्न करू नकोस. मला इथं अजून बरीच वर्षं काढायची आहेत, शाळेत जूनला मला पुन्हा घेतलं तर आणि नाही घेतलं तरी. पण मी येणार आहे. काळे बूट घालून, सायकल खांद्यावर घेऊन, दबकन दबकन चालत येणार आहे, आणि तुझ्या अंगावरून पाय टाकून मी आधी पलीकडं जाणार आहे. मग तू हरलेली असशील, आणि मग तुला जे बोलायचं होतं ते तू बोलशील.

तोवर तिथंच थांब. आणि हे बघ, मी येईपर्यंत बूट काढायचे नाहीत.